आत्या, धर्मी म्हणजे काय?

आत्या, तू आणि अर्धं वाक्य? जी बाई रिक्षावाल्याशी भांडताना रिक्षा निघून गेली तरी रस्त्यात उभी राहून वाक्य पुरं करायची, ती "धर्मी म्हणजे" एवढं बोलून जाते? मला नाही पटत. दहावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि मी अजून तुझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसलेय.

कावळा लगेच शिवला म्हणून आई खूश आहे. म्हणजे वन्संची काही इच्छा राहिली नाही, असं सगळ्यांना सांगत फिरतेय. मी म्हटलं, कावळ्याला काय माहीत? तो होता का दुकानात?

मी पण नव्हते. मी कामोठ्याला होते, एका सोसायटीच्या हॉलमध्ये माईक टेस्टिंग करत. संध्याकाळी प्रोग्राम होता माझा. फोन वाजला, शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले इक्बालचाचा. "करुणा बेटी, जल्दी आ. वत्सलाताई गिर गई."

आता माझं कसं आहे तुला माहितीये. चाचांचा आवाज काढून मी अर्ध्या बाजाराला फोन केलेत. मला वाटलं, कोणीतरी मलाच उलटं गंडवतंय. मी पण चाचांच्याच आवाजात म्हटलं, "गिर गई? किसके प्यार में?"

पलीकडे चाचा रडायला लागले.

खरे चाचा होते गं. मी त्यांचं हसणं काढते, खोकणं काढते, गिऱ्हाईकाला टोपाची जाडी सांगतानाचा तो नाकातला आवाज काढते. रडणं कधी ऐकलंच नव्हतं. ते मला काढता येत नाही. काढून पण बघणार नाही.

तेव्हापासून माझं सगळं उलटंपालटं आहे. काल चहात मीठ घातलं आणि पिऊन पण टाकला. मधेच मोबाईल उचलते, तुझं नाव काढते, ठेवून देते. मेलेली माणसं मोबाईलमध्ये जिवंत माणसांच्या मधे तशीच बसलेली असतात. तुझ्या वर 'वडापाव स्टँड' आहे आणि खाली 'वायरमन'.

तुझं ते दुकान. दोन बायका आत आल्या की तिसरीने पायरीवर थांबायचं. भिंतीभर बांगड्या, खाली चटई, त्यावर तू, समोर गिऱ्हाईकाला स्टूल, आणि गल्ल्यावर आतोबा. हात हातात घेतला की तू पहिलं विचारायचीस, "नाव काय बाई तुमचं?" बाई नाव सांगायची. "अर्थ माहितीये?" झालं. बाई वर बघते, विचारात पडते, हातातला जोर जातो, आणि सुर्रकन बांगडी आत. मी लहान असताना समजायचे, आत्याला नावांचं वेड आहे. मग एकदा कळलं की ही तुझी भूल आहे. डॉक्टर इंजेक्शन देतात, तू अर्थ द्यायचीस.

त्यातून तुझा जीव कसल्या नावांवर, तर देण्याघेण्याच्या, मायेच्या. मोहल्ल्यातल्या शफीकाला तू म्हणायचीस, "शफीका म्हणजे मायाळू ना गं? मग हात कशाला दगडासारखा केलायस?" तिच्या मुलाचं नाव दानिश. तू ठोकून दिलंस, "दान करणारा!" शफीका म्हणाली, "नाही हो ताई, आमच्यात दानिश म्हणजे अक्कल." दुसरी कोणी ओशाळली असती. तू बांगडी सरकवता सरकवता म्हणालीस, "एकच झालं. अक्कल आली की माणूस देतोच."

आणि ती मंत्रालयातल्या साहेबांची बायको आठवते? मुलीसाठी नाव विचारत होती. तू म्हणालीस अनुकंपा. ती केवढ्याने दचकली! "अहो, आमच्याकडे बाप वारल्यावर नोकरी लागते त्याला अनुकंपा म्हणतात." तू चिडलीस. "समोरचा थरथरला की आपण पण थरथरायचं, त्याला अनुकंपा म्हणतात. तुमच्या ऑफिसने शब्द वापरायला घेतला म्हणून काय तो ऑफिसचा झाला?" बाईने शेवटी मुलीचं नाव ठेवलं रिया. तू आठवडाभर तोंड पाडून होतीस.

आतोबांना तर तू सोडलंच नाहीस. "दत्त म्हणजे दिलेला. हा दत्ता मला दिलाय, बदलून मिळत नाही." आतोबा गल्ल्यावरून नुसते हसायचे. आता गल्ल्यावर बसत नाहीत. घरी खिडकीजवळ बसतात, तुझ्या चष्म्याची डबी उघडतात, मिटतात, उघडतात. ती डबी टॉक् वाजते ना, तेवढाच घरात आवाज.

एवढं सगळं कुठून शिकलीस, विचारलं की म्हणायचीस, "गिऱ्हाईकांकडून. एकीने सांगितलं ते दुसरीला सांगते." कळंबोलीच्या एका शिक्षिकेने तुला सांगितलं होतं की त्यांच्या घरात तिघी बहिणी, प्रज्ञा, शीला आणि करुणा. बुद्धविहारात रोज म्हणतात त्यातलीच नावं. ते ऐकून तू जी फुगलीस! "बघ, तुझं नाव लोक रोज प्रार्थनेत घेतात." मी म्हटलं, माझं नाव लोक रोज तक्रारीत घेतात.

कारण माझं नाव करुणा. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सांगून झालं की मागून बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. तशी पद्धतच आहे. का घालतात कोणाला माहीत नाही, पण सगळ्या हात धुऊन घेतात. तुला म्हणे माझ्या वेळी असे पडले की तू पाळण्यावर आपटणार होतीस. ते तू मला जन्मभर ऐकवलंस. "तुझ्या नावासाठी मार खाल्लाय मी."

आणि नाव काय, तर करुणा! मिमिक्रीवालीचं! हळदीच्या प्रोग्रामला निवेदक ओरडतो, "आता आपल्याला पोट धरून हसवायला येतायत, कुमारी करुणा," आणि मी स्टेजवर पोचायच्या आधी म्हाताऱ्या रुमाल शोधायला लागतात. मी तुला म्हटलं, मी नाव बदलते. फुलबाजी ठेवते, नाहीतर सरळ पटाखा. तू मान वर पण केली नाहीस. "बदल की. माझा मार तेवढा परत दे."

शेवटचं भांडण तेच. त्याच आठवड्यातलं. मी म्हटलं, करुणा म्हणजे दयाच ना? मग दया तरी ठेवायचंस, आटोपशीर, शिट्ट्या मारायला बरं. तू म्हणालीस, "दया वेगळी, करुणा वेगळी."

"काय वेगळं?"

"दया उभ्या उभ्या पण करता येते."

"आणि करुणा?"

तेवढ्यात करंजाच्या दोघी आल्या, बर्फात मासळी चिवडून चिवडून बोटं ताठ झालेल्या, आणि तू म्हणालीस, "थांब, गिऱ्हाईक बघू दे." मी थांबले. मग वडापाव आला, विषय गेला. म्हणजे तुझी अर्धी वाक्यं दोन आहेत, आत्या. एक तू जाताना सोडलंस, आणि एक त्याच्या आधी. तू गिऱ्हाईक बघ, मी इथेच आहे, असं मला वाटलं होतं.

आता एक सांगते, रागवू नको.

तुला घरी आणलं तेव्हा बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, नशीबवान. हिरवं नेसवा, हिरवा चुडा भरा. नशीबवान! मला त्या बाईचा आवाज काढून तिथल्या तिथे तिला दाखवावंसं वाटलं ती कशी दिसते. पण चुडा कोण भरणार, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दुकानात वाढलेली मीच. मी तुझा हात हातात घेतला. थंड होता, आणि घट्ट. असा हात तू कधी माझ्या हातात दिला नव्हतास. बांगडी बोटांपर्यंत गेली आणि अडकली. साबण लावला. नाही. तेल लावलं. नाही. मग माझ्या तोंडून आपोआप आलं, तुझ्याच आवाजात, "नाव काय बाई तुमचं?"

आई म्हणाली, "करुणे, आता तरी मस्करी नको."

मी मस्करी करत नव्हते गं. मी बांगडी भरत होते.

वत्सला. वासरावर जीव टाकणाऱ्या गाईसारखी. तूच सांगायचीस, "माझ्या नावात गाय आहे, म्हणून सगळे दूध काढतात." मी मनातल्या मनात अर्थ पण सांगितला तुला. दोनच गेल्या. तिसरी फुटली. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे तू मला शिकवलंस. तुला काय झालं त्याला काय म्हणायचं ते नाही शिकवलंस.

तर काल दुपारी आतोबांनी चावी दिली. "दुकानात दिवा लावून ये. बाकी काही करू नको." मी गेले तर शटरला टेकून पायरीवर एक बाई बसलेली. माझ्याच वयाची असेल. केसांत सिमेंटची धूळ, डाव्या हातात मनगट भरून हिरव्या बांगड्या आणि उजवा हात रिकामा.

"दुकान बंद आहे," मी म्हटलं.

"मना म्हायती हाय," ती म्हणाली. "माझ्यासमोरच बंद झालं."

माझ्या हातातली चावी खाली पडली.

"मी धर्मी. तळोज्याला बिल्डिंगच्या कामाव जाते. तुमी त्यांच्या कोन?"

"भाची."

"मंग तुमाला म्हायती असंल," ती म्हणाली. तिने पदराची गाठ सोडली. आत एक हिरवी बांगडी होती. "रविवारी भावाची हळद हाय. एक हात भरलाय नि एक उघडा. अशी कशी जाऊ?"

"अगं, मग बाजारात दुसरी दुकानं आहेत की."

"सासू बोलते, या डाव्या हातातल्या पन काढून टाक, मरत्या हातानी भरल्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलते, तुझं नावच वाईट हाय. नाव घेतलं नि बाई पडली. वाडीवर सगळी तेच बोलतान. खरं सांगा, माझ्या नावात काय वाईट हाय काय?"

आत्या, मला कोणी काही बोललं की माझं उत्तर आधी तयार असतं, हे तुला माहितीये. या वेळी मी नुसतं विचारलं, "नक्की काय झालं होतं?"

"काय होनार? डावा भरून झाला. उजव्याची पयली बांगडी, हीच, हितं अडकली." तिने आंगठ्याखालचं हाड दाखवलं. "विचारलं, नाव काय? मी बोलली, धर्मी. अर्थ म्हायतीये? मी बोलली, नाय. तशी हसली. बोलली, 'धर्मी म्हणजे...' नि वाकली. मना वाटलं, बांगडी बघते जवळून."

"मग?"

"मंग हात सोडंना. तो चाचा बोलला, तू बाजूला हो. मी कशी होऊ? तिनी धरलावता ना. मी स्टुलावरनं खाली बसली. डोकं माझ्या मांडीव घेतलं. रिक्षा आली तवा चाचानीच बोटं सोडवली."

एवढ्या दिवसांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. 'एक गिऱ्हाईक होतं' एवढंच सगळे म्हणत होते.

मी शटर वर केलं. दिवा लावला. आतोबा म्हणाले होते बाकी काही करू नको. मी तुझ्या चटईवर बसले, धर्मीला स्टुलावर बसवलं, तिचा उजवा हात घेतला. विटा उचलून घट्टे पडलेला, खरखरीत. तिच्या गाठीतली बांगडी बोटांवरून सरकली आणि बरोबर त्याच हाडाशी अडकली. आणि त्या चटईवर बसलं की माझ्या तोंडून तूच येतेस. मी काय करू? सुरू झाले, "धर्मी म्हणजे..." तोच तुझा आवाज, शेवटचा हेल धरून.

धर्मी किंचाळून स्टुलावरून खाली. "ओ माय! नको नको! मेलेल्या बाईचा आवाज नको!"

चाचा हातात टोप घेऊन धावत आले. "क्या हुआ? क्या हुआ?"

"काही नाही चाचा. मिमिक्री."

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला. बेटी, अब तो रहम कर."

रहम. बघ, तो पण तुझ्याच दुकानातला माल.

चाचा गेले. धर्मी काही परत स्टुलावर बसेना. खालीच भिंतीला टेकून बसली, छाती धरून. मग मी सरकत सरकत तिच्यासमोर गेले आणि फरशीवर बसले. आणि तेव्हा मला कळलं आत्या, की तुझा आवाज माझ्याकडे सगळा आहे, तपकिरीची शिंक धरून. पण पुढचं वाक्य नाही. मी तुझं रेकॉर्डिंग आहे. जिथे तू थांबलीस तिथे मी पण थांबते.

मग राहिला माझा स्वतःचा आवाज. तो मी या दुकानात वडापाव मागायला सोडून कधी वापरला नव्हता.

"दारात मागायला कोणी आला की काय म्हणतो?" मी विचारलं.

"धर्म कर माय, बोलतो."

"हां. तर तो जे मागतो ते जिच्याकडे असतं, ती धर्मी. देणारी."

ती हसायला लागली. "मी? वाडीव येऊन बघा एकदा! माझ्याकडं काय हाय कोनाला द्यायला?"

"हात होता," मी म्हटलं. "तिला जाताना धरायला हात लागला. तिथे आमचा कोणाचा नव्हता. मी माईक टेस्टिंग करत होते. आतोबा जेवायला घरी गेले होते. तुझा होता, तो तू दिलास. आणि दुसऱ्यांनी सांगितलं तरी काढून घेतला नाहीस."

ती तिच्या हाताकडे बघत होती, जसा काही तो आत्ताच कोणीतरी तिला आणून दिलाय. आणि आत्या, बांगडी गेली. मी ढकलली पण नव्हती.

बाकीच्या भरल्या मी एकेक करून. एक पण वाढली नाही. माझे हात थरथरत होते आणि तिचे पण, तरी नाही. अनुकंपा की काय म्हणतात ते, तुझ्या त्या साहेबांच्या बायकोला सांगायला हवं.

"सासूला काय सांगू?" धर्मीने विचारलं.

"सांग, पनवेलच्या वत्सलाबाईंनी शेवटी एकच नाव घेतलं. नवऱ्याचं नाही, भाचीचं नाही, देवाचं पण नाही. माझं घेतलं. आणि घेताना हसल्या."

"खरंच हसली ती. आईशपथ."

"मग सांग तसं. मी तर जळतेय तुझ्यावर."

तिने दोन्ही हात पुढे धरून हलवून बघितले. छन् झालं. दुकानात इतक्या दिवसांनी तो आवाज झाला आणि माझं काय झालं कोणास ठाऊक. तोपर्यंत मी चांगली होते, म्हणजे चहात मीठ घालण्याइतकी चांगली होते. स्मशानातून बाबा परतले तेव्हा मी रडले नव्हते. दहाव्याला नव्हते. लोक म्हणत होते, पोरगी दगड आहे.

धर्मीने विचारलं, "नि तुमचं नाव काय?"

"करुणा."

"म्हंजे काय?"

मी तोंड उघडलं. दया उभ्या उभ्या पण करता येते, एवढंच मला येतं. पुढचं विचारायचं राहिलं, मधे गिऱ्हाईक आलं, असं मला तिला सांगायचं होतं. बघते तर आम्ही दोघी फरशीवर मांडी घालून बसलेल्या, तिचा हात अजून माझ्या हातात, आणि माझ्या तोंडून शब्दाऐवजी असा काही आवाज आला की तो कोणाचाच नव्हता. चाचांचा नाही, तुझा नाही. नाक, डोळे, सगळं एकदम. पुढे वाकलेच मी.

धर्मी माझ्याकडे सरकली.

"म्हंजे रडनारी व्हय," ती म्हणाली, आणि मला गप्प करायला तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. भरल्या बांगड्यांसकट. मग आणखी एक.

विटा उचलणारा हात आहे गं तो. हळू मारणं त्याला माहीतच नाही. मी रडता रडता हसायला लागले आणि तिला कळेना का हसतेय. तिला काय सांगणार, की आमच्यात नाव सांगणाऱ्या बाईला हे मिळतं म्हणून.

लागला गं आत्या. चांगलाच लागला.